मांजरांचा कोरोना : नांवाची भीति व वस्तुस्थिति

गेल्या पावसाळ्यांत, सहामाही परीक्षेच्या थोडें आधीं, इयत्ता नववींतील एक विद्यार्थिनी मधल्या सुट्टींत शिक्षकांच्या खोलीच्या दाराशीं येऊन उभी राहिली. तिच्या हातांत घडी घातलेला एक कागद होता. तो पुढें करून ती म्हणाली, "सर, आमच्या मांजरांना कोरोना झाला आहे. बाबा म्हणतात, रविवारीं त्यांना दूर कोठें तरी सोडून यावयाचें. घरांत आजी आहे ना. सर, आजीला खरेंच कांहीं होईल का?"

कागद रक्ततपासणीचा होता. मुलीचें घर डोंबिवलीस, दोन खोल्यांचें. त्यांत चार मांजरें. त्यांपैकीं सर्वांत धाकटें, सात-आठ महिन्यांचें पिलूं पंधरा दिवसांपूर्वीं पोट फुगून मरण पावलें होतें. म्हणून पशुवैद्यानें उरलेल्या तिघांचें रक्त तपासावयास लाविलें. तिघांच्याही नांवापुढें एकच शेरा होता : कोरोना विषाणूविरुद्धचीं प्रतिद्रव्यें आढळलीं. सन २०२० व २०२१ सालचे दिवस ज्या घरानें पाहिले, त्या घरांत हा एक शब्द वाचून काय झालें असेल, याची कल्पना कोणासही करतां येईल.

मला त्या वेळीं उत्तर देतां आलें नाहीं. "उद्यां सांगतों," असें म्हणून मीं कागद ठेवून घेतला. परंतु त्या 'उद्यां'मागें एक जुनी गोष्ट होती, व ती सांगितल्यावांचून पुढें लिहिणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. सन २०२० च्या मार्च महिन्यांत ठाण्यांत आम्ही राहतों त्या इमारतीच्या जिन्याखालीं एक मांजरी आपल्या तीन पिलांसह राहत असे. मांजरांमुळें नवा रोग पसरतो अशी अफवा उठली, आणि कांहीं रहिवाशांनीं त्या चौघांस पोत्यांत घालून खाडीपलीकडे सोडून देण्याचें ठरविलें. मी तेथेंच उभा होतों. शास्त्र शिकविणारा मनुष्य म्हणून माझें मत विचारण्यांत आलें. "मला नक्की ठाऊक नाहीं," एवढेंच मी बोललों. उत्तर खोटें नव्हतें. परंतु जें ठाऊक नाहीं तें शोधून काढण्याचा यत्नही मीं केला नाहीं. वस्तुतः त्याच महिन्यांत भारतीय प्राणिकल्याण मंडळानें असें प्रसिद्ध केलें होतें कीं, कुत्र्यामांजरांपासून माणसांस हा रोग होतो असा पुरावा नाहीं, व कोणीं आपलीं जनावरें टाकून देऊं नयेत. तें मीं वाचिलें असतें तर चार जीव वांचते. दुसरे दिवशीं जिन्याखालची जागा रिकामी झाली होती.

म्हणून या खेपेस त्या रात्रीं मीं जें मिळालें तें वाचून काढिलें, व दुसरे दिवशीं जाणत्या पशुवैद्यांस विचारून खात्री करून घेतली. त्यांतील सार येथें देत आहें.

प्रथम नांवाचाच विचार करूं. 'कोरोना' हा लॅटिन शब्द असून त्याचा अर्थ मुकुट असा आहे. खग्रास ग्रहणाच्या वेळीं सूर्यबिंबाभोंवतीं जें तेजोवलय दिसतें, त्यालाही हेंच नांव आहे. सन १९६० नंतरच्या दशकांत जून आल्मेडा नांवाच्या स्कॉटिश विदुषीनें इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालीं कांहीं विषाणु पाहिले, तेव्हां प्रत्येक कणाभोंवतीं तसेंच एक वलय तिला दिसलें. आणि सन १९६८ मध्यें तिनें व तिच्या सहकाऱ्यांनीं या सबंध गटास 'कोरोना विषाणु' असें नांव दिलें. ठाण्यांतील आल्मेडा रस्त्यानें नित्य जाणाऱ्या आमच्या मुलांस हें आडनांव ऐकून गंमत वाटेल. तें तिला विवाहानें मिळालें होतें. ती ग्लासगो शहरांतील एका बसचालकाची कन्या. पैशाच्या अभावीं सोळाव्या वर्षीं शाळा सोडून ती प्रयोगशाळेंत नोकरीस लागली, आणि तेथें काम करीत करीत या योग्यतेस पोंचली.

तेव्हां 'कोरोना' हें कोणा एका रोगाचें नांव नसून एका मोठ्या कुलाचें आडनांव आहे. पाटील आडनांवाचीं माणसें कोंकणांत, देशावर, खानदेशांत सर्वत्र सांपडतात. परंतु एका पाटलाच्या अपराधाबद्दल दुसऱ्या पाटलास कोणी तुरुंगांत घालीत नाहीं. या कुलांतील निरनिराळे विषाणु गाई, डुकरें, कोंबड्या, कुत्रीं व मांजरें यांच्या ठायीं आढळतात. आपणांस होणाऱ्या साध्या सर्दीपडशापैकीं कांहीं सर्दीही यांतल्याच कित्येकांमुळें होते. सन २०१९ च्या अखेरीस ज्याचा उद्भव झाला तो कोविडचा विषाणु या कुलाच्या 'बीटा' शाखेंतला, व मांजरांचा विषाणु 'अल्फा' शाखेंतला. दोघांचें नातें दूरचें. मांजरांच्या या विषाणूची बाधा माणसांस होत नाहीं; म्हाताऱ्या माणसांस नाहीं, तान्ह्या मुलांसही नाहीं. त्या मुलीच्या प्रश्नाचें उत्तर खरें पाहतां एवढेंच होतें. परंतु तें धाकटें पिलूं मग कशानें मेलें, हा दुसरा प्रश्न उरतो, व तो अधिक विचार करण्याजोगा आहे.

मांजरांचा हा विषाणु मुख्यत्वें आंतड्यांत वस्ती करतो. बाधा झालेल्या मांजराच्या विष्ठेंतून तो बाहेर पडतो. दुसरें मांजर त्याच वाळूंत किंवा लिटरच्या ट्रेमध्यें पाय ठेवतें, आणि मग अंग चाटण्याच्या स्वभावानुसार पंजा चाटतें. एवढ्यानें विषाणु त्याच्या पोटांत जातो. पिलांस पहिले पांच-सहा आठवडे आईच्या दुधांतून मिळालेलें संरक्षण असतें. तें ओसरलें म्हणजे बहुधा आईकडूनच त्यांस बाधा होते. बाधा झाली म्हणजे काय होतें? बहुतेकांस कांहींच होत नाहीं. कांहींस दोन-चार दिवस पातळ जुलाब होतात व आपोआप थांबतात. पुढें कित्येक आठवडे, कधीं महिनेही, विष्ठेवाटे विषाणु बाहेर पडत राहतो. थोडीं मांजरें तर जन्मभर तो बाळगून असतात, आणि तरीही धडधाकट असतात. जेथें अनेक मांजरें एकत्र राहतात, तेथें त्यांच्यापैकीं बहुतेकांची या विषाणूशीं कधीं ना कधीं गांठ पडलेली असते.

यावरून तपासणीच्या त्या कागदाचा अर्थ ध्यानांत येईल. प्रतिद्रव्यें म्हणजे शरीरानें विषाणूविरुद्ध तयार केलेलीं शस्त्रें. तीं रक्तांत आढळलीं याचा अर्थ, विषाणु केव्हां तरी तेथें आला होता. ओल्या वाळूंत पाऊल उमटलेलें दिसलें, तर कोणी तरी येथून गेलें एवढेंच सिद्ध होतें. तो चोर होता, किंवा तो अद्याप घरांत दडून बसला आहे, असें त्यावरून म्हणतां येत नाहीं. तीं तीन मांजरें आजारी आहेत असें तो कागद सांगतच नव्हता.

आतां त्या पिलाच्या मृत्यूकडे वळूं. विषाणु आपल्या असंख्य प्रती काढून वाढत असतो. वर्गांत पन्नास मुलें फळ्यावरचा उतारा वहींत उतरवितात, तेव्हां कोणाचा काना राहतो, कोणाची वेलांटी चुकते. विषाणूच्या प्रतींतही अशाच चुका होतात; त्यांस उत्परिवर्तन असें म्हणतात. यांतील बहुतेक चुका निरुपद्रवी किंवा विषाणूलाच घातक असतात. परंतु क्वचित् एकाद्या मांजराच्या शरीरांत अशी चूक घडते कीं, आंतड्यापुरता राहणारा विषाणु रक्तांतील भक्षक पेशींत शिरून तेथें वाढूं लागतो. आंतड्यांतील निरुपद्रवी विषाणूपासूनच अशा रीतीनें घातक विषाणु निपजतो, हें सन १९९८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें चांगलें पुढें आणलें. भक्षक पेशींचें काम शत्रूस गिळून टाकण्याचें. येथें शत्रूच पहारेकऱ्याच्या अंगरख्यांत शिरतो, व त्याच्याच पायांनीं सर्व शरीरभर हिंडतो. या पेशी लहान रक्तवाहिन्यांच्या भिंतींस चिकटून तेथें दाह उत्पन्न करतात. दाह झालेली भिंत, उन्हाळ्यांतल्या माठासारखी, पाझरूं लागते. रक्तांतील पाणी व प्रथिनें बाहेर झिरपून पोटाच्या किंवा छातीच्या पोकळींत सांचतात. यालाच इंग्रजींत 'फेलाइन इन्फेक्शस पेरिटोनायटिस' व संक्षेपानें 'एफ. आय. पी.' असें म्हणतात. आपण त्यास मांजरांचा सांसर्गिक उदरावरणदाह म्हणूं.

नांवांत 'सांसर्गिक' असलें तरी हें विशेषण पुष्कळ अंशीं दिशाभूल करणारें आहे. आंतड्यांतला साधा विषाणु एका मांजराकडून दुसऱ्याकडे जातो हें खरें. परंतु बदललेला, घातक विषाणु सामान्यतः त्या एकाच मांजराच्या शरीरांत निपजतो व त्याच्याबरोबरच संपतो. म्हणून एका पिलास हा रोग झाला यावरून घरांतील इतरांसही तो होणारच असें नाहीं. बाधा झालेल्या शंभर मांजरांपैकीं फार तर पांच ते दहांवर हा प्रसंग येतो. त्यांत दोन वर्षांच्या आंतलीं मांजरें अधिक. गर्दी, वारंवार घर बदलणें, शस्त्रक्रिया, नवीं मांजरें आणणें, अशा कारणांनीं मांजराच्या मनावर व शरीरावर जो ताण पडतो, त्यानें धोका वाढतो. दोन खोल्यांत सहा-सात मांजरें ठेवणारे दयाळू लोक आमच्या ठाण्या-कल्याणकडे पुष्कळ आहेत. मासळीबाजारांतून, रेल्वेच्या पुलाखालून, पावसांत भिजलेलीं पिलें उचलून आणणाऱ्या या लोकांची भूतदया खरी आहे; परंतु दयेलाही जागेचें भान लागतें.

या रोगाचीं दोन रूपें आहेत. पहिलें ओलें. यांत भूक मंदावते, मांजर सुस्त होतें, अंग वाळतें आणि पोट मात्र वाढत जातें. जुनीं माणसें पाहतांच 'जलोदर' म्हणतील. पाणी छातींत सांचलें तर मांजर तोंड उघडून धापा टाकतें. दुसरें रूप कोरडें. यांत पाणी दिसत नाहीं. यकृत, मूत्रपिंड, डोळे, मेंदू यांत दाहाच्या गांठी होतात. डोळ्याचा रंग बदलतो किंवा तो गढूळ होतो. चालतांना तोल जातो. कधीं झटके येतात. दोन्ही रूपांत एक लक्षण बहुधा असतें, तें म्हणजे प्रतिजैविक औषधांनीं न हटणारा ताप. कित्येकदां डोळे व हिरड्या पिवळट दिसतात, म्हणजे कावीळ होते.

निदान करणें सोपें नाहीं. एकच चाचणी करून हा रोग आहे असें छातीठोकपणें सांगणें बहुधा शक्य नसतें. पशुवैद्यास अनेक पुरावे जुळवून निकाल द्यावा लागतो. रक्तांतील प्रथिनांत अल्ब्युमिन कमी व ग्लोब्युलिन अधिक झालेलें असतें, हा एक पुरावा. पोटांतलें पाणी पेंढ्याच्या रंगाचें, चिकट, बोटांत धरल्यास तार निघेल असें असतें, हा दुसरा. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीं रिव्हाल्टा नांवाच्या इटालियन वैद्यानें माणसांच्या रोगांसाठीं काढलेली एक चाचणी येथें अजून उपयोगी पडते, व ती आमच्या रसायनशाळेंतील मुलांस आवडेल. आठ मिलिलिटर शुद्ध पाण्यांत तीव्र ॲसिटिक आम्लाचा, म्हणजे ज्यामुळें शिरका आंबट लागतो त्या आम्लाचा, एक थेंब मिसळतात. त्यावर पोटांतील पाण्याचा एक थेंब हळूच सोडतात. थेंब विरघळून नाहींसा झाला, तर हा रोग बहुधा नाहीं. थेंब आपला आकार धरून राहिला, किंवा समुद्रांतील जेलीफिशसारखा सावकाश खालीं उतरला, तर संशय बळावतो. मात्र जंतुदोषानें व कित्येक अर्बुदांतही असेंच होऊं शकतें, म्हणून तेवढ्यावर थांबतां येत नाहीं. विषाणूचा अंश शोधणारी पी. सी. आर. चाचणी पोटांतील पाण्यावर केली तर पुष्कळ मदत होते. पण निरोगी मांजराच्या विष्ठेंत किंवा त्याच्या रक्तांतील प्रतिद्रव्यांत या रोगाचा निकाल शोधणें म्हणजे नुसत्या आडनांवावरून गुन्हेगार ठरविणें होय.

आतां उपचाराविषयीं. या रोगाचें पहिलें वर्णन सन १९६३ मध्यें अमेरिकेंतील बोस्टन शहरच्या पशुवैद्या जीन होल्झवर्थ यांनीं केलें, म्हणजे कोविडच्या छप्पन्न वर्षें आधीं. त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ या रोगाचें निदान म्हणजे मृत्यूचीच वार्ता समजली जाई. सन १९९१ मध्यें अमेरिकेंत नाकांत थेंब घालावयाची एक लस निघाली. पण बहुतेक पिलांस लस देण्याच्या वयाआधींच विषाणूची बाधा झालेली असते, त्यामुळें तिचा उपयोग शंकास्पद ठरला व तज्ज्ञ ती सरसकट देण्याची शिफारस करीत नाहींत.

अंधार फिटला तो सन २०१९ मध्यें. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेंतील प्राध्यापक नील्स पीडरसन यांनीं कित्येक दशकें या एका रोगाचा पाठपुरावा केला होता. विषाणूच्या प्रती काढण्याच्या कामींच खोडा घालणारें 'जी. एस. ४४१५२४' नांवाचें एक द्रव्य त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं हा रोग जडलेल्या ३१ मांजरांस दिलें. प्रतीच्या कामीं लागणाऱ्या अक्षरांसारखें दिसणारें हें खोटें अक्षर आहे असें समजा. विषाणु तें खरें समजून ओळींत बसवितो आणि पुढची ओळ तेथेंच अडते. बारा आठवडे रोज टोंचणी. निबंध प्रसिद्ध झाला तेव्हां त्या ३१ पैकीं २५ मांजरें दीर्घ काळ जगलेलीं होतीं. जेथें पूर्वीं जवळजवळ एकही वांचत नसे, तेथें हा आंकडा केवढा मोठा, हें सांगावयास नको.

येथें एक योगायोग सांगण्यासारखा आहे. सन २०२१ च्या एप्रिल महिन्यांत रेमडेसिव्हिर नांवाच्या औषधाच्या एकेका कुपीसाठीं आमच्या भागांतील लोक कसे धांवत होते, हें पुष्कळांच्या स्मरणांत असेल. तें रेमडेसिव्हिर शरीरांत गेल्यावर त्याचें रूपांतर होऊन जीं द्रव्यें बनतात, त्यांत हें जी. एस. ४४१५२४ एक आहे. माणसाच्या व मांजराच्या औषधांची कोठी कांहीं अंशीं एकच आहे, तर. प्रारंभीं मांजरांसाठीं हें औषध अधिकृतपणें कोठेंच मिळत नसे; जगभरचे लोक नांवगांव नसलेल्या कुप्या चोरवाटेनें विकत घेत. सन २०२१ पासून इंग्लंडांत व सन २०२४ पासून अमेरिकेंत पशुवैद्याच्या चिठ्ठीवर तें बनवून मिळण्याची सोय झाली. जर्मनींतील म्युनिक येथील संशोधकांनीं सन २०२४ मध्यें असें दाखविलें कीं, ओल्या रूपाच्या पुष्कळ रोग्यांस ८४ दिवसांऐवजीं ४२ दिवसांचा उपचारही पुरतो. तथापि औषध महाग आहे, उपचार लांबणारा आहे, व मध्येंच सोडल्यास रोग उलटतो. ज्या घरास तो खर्च झेपत नाहीं, त्यास कोणीं निर्दय म्हणूं नये. मांजराच्या यातना कमी करणें, त्यास पाणी व ऊब देणें आणि उपाय उरला नाहीं तेव्हां पशुवैद्याच्या सल्ल्यानें त्याची सुटका करणें, हीही दयाच आहे. मात्र कोणाच्या तरी सांगण्यावरून अज्ञात कुप्या आणून घरच्या घरीं टोंचूं नयेत.

रोग बरा करण्यापेक्षां तो टाळणें स्वस्त आहे, आणि तें प्रत्येक घराच्या हातीं आहे. मांजरें जितकीं असतील त्यांहून एक ट्रे अधिक ठेवावा, असा नियम पशुवैद्य सांगतात. दोन खोल्यांच्या घरांत तें साधलें नाहीं, तर निदान आहेत ते ट्रे रोज, शक्य तर दोनदां, साफ करावे. ट्रे व जेवणाची ताटली यांत अंतर असावें. हा विषाणु वाळलेल्या घाणींत सात आठवडेपर्यंत टिकूं शकतो. परंतु त्याचें बाह्य कवच स्निग्ध असल्यामुळें साबणाच्या पाण्यानें व पातळ केलेल्या ब्लीचनें तो सहज मरतो. धुतल्यावर ट्रे उन्हांत वाळवावा. फिनेल मात्र मांजरांच्या जागीं वापरूं नये. त्यांतील द्रव्यें मांजराच्या यकृतास पचवितां येत नाहींत, आणि पायाला लागलेलें तें चाटून पोटांत घेतें. याहूनही घातक चूक म्हणजे मांजरास ताप आला म्हणून आपली पॅरासिटामॉलची गोळी देणें. एक गोळीही मांजराचा जीव घेऊं शकते. ही एक गोष्ट जरी या लेखांतून घरोघर पोंचली, तरी कांहीं मांजरें वांचतील.

नवें मांजर आणल्यास त्यास कांहीं दिवस निराळें ठेवावें. जागा पाहून संख्या ठरवावी. नर-मादींची शस्त्रक्रिया वेळेवर करून घ्यावी, म्हणजे जिन्याखालीं दर सहा महिन्यांनीं पिलांची नवी पलटण उभी राहणार नाहीं. प्रकृतींत बिघाड दिसल्यास जवळच्या पशुवैद्याकडे जावें. मोठ्या तपासणीसाठीं परळचा मार्ग आमच्या भागांतील लोकांस जुनाच आहे. सर दिनशा माणकजी पेटिट यांच्या औदार्यानें तेथें उभें राहिलेलें बाई साकरबाई दिनशा पेटिट प्राणी रुग्णालय व सन १८८६ मध्यें स्थापन झालेलें मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय यांनीं मुक्या प्राण्यांची सेवा करीत शंभराहून अधिक वर्षें लोटलीं आहेत. टोपलींत मांजर घेऊन लोकलनें परळास निघालेलें एकादें कुटुंब कल्याणच्या फलाटावर दिसलें, तर हंसूं नये. त्यास बसावयास जागा द्यावी.

दोन शंका राहतात. पहिली : कोविडचा विषाणु मांजरांस होतो का? होतो, परंतु क्वचित्, आणि बहुधा आपल्याकडूनच. सन २०२० मध्यें न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयांतील एका वाघिणीस व सन २०२१ मध्यें हैदराबाद आणि चेन्नईजवळील वंडलूर येथील सिंहांस त्याची बाधा झाली. म्हणजे त्या दिवसांत भ्यावयाचें होतें तें मांजरांनीं आपणांस, आपण मांजरांस नव्हे. दुसरी : मांजरांचा विषाणु बदलून कधीं अधिक भयंकर होईल का? सन २०२३ मध्यें सायप्रस बेटावर असें घडलें. मांजरांच्या विषाणूनें कुत्र्यांच्या कोरोना विषाणूचा एक भाग आत्मसात् केला, व हा संकरित विषाणु मांजराकडून मांजराकडे थेट पसरून असंख्य मांजरें दगावलीं. तेथील सरकारनें कोविडसाठीं ठेवलेल्या मोलनुपिराव्हिरच्या गोळ्या मांजरांसाठीं खुल्या केल्या. त्या सांथींतही मांजरांपासून माणसांस बाधा झाली नाहीं. तरीपण निसर्ग स्वस्थ बसलेला नसतो, आणि म्हणून अभ्यासकांनींही स्वस्थ बसून चालत नाहीं, एवढा बोध त्यांतून घ्यावा.

दुसरे दिवशीं हें सर्व मीं त्या मुलीस थोडक्यांत सांगितलें, व मुख्य गोष्टी त्याच कागदाच्या पाठीमागें लिहून दिल्या. शनिवारीं तिचे वडील शाळेंत आले. कागद त्यांच्या खिशांत होता. त्यांनीं एकच प्रश्न विचारला, "म्हणजे सर, आईला कांहीं होणार नाहीं ना?" मीं म्हटलें, "या मांजरांच्या या विषाणूपासून नाहीं." ते थोडा वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "धाकटं गेलं तेव्हां पोर दोन दिवस जेवली नाहीं. उरलेलीं मीच टाकून आलों असतों तर तिला तोंड कसें दाखविलें असतें?" त्या रविवारीं ते मांजरें सोडावयास गेले नाहींत, आणखी दोन ट्रे आणावयास गेले. तीं तीनही मांजरें अद्याप त्या घरांत सुखरूप आहेत, आणि आजींच्या पायाशीं निजतात असें कळतें.

दोन पैशांस विकल्या जाणाऱ्या चिमण्यांचीही ज्यास आठवण आहे, त्या परमेश्वराच्या राज्यांत जिन्याखालच्या मांजरीचीही नोंद असली पाहिजे, असें मी मानतों. आणि त्या नोंदींत माझें त्या दिवशींचें मौनही असेल. विद्यार्थिमित्रहो, "मला ठाऊक नाहीं" हें उत्तर लाजिरवाणें नाहीं. शास्त्राचा आरंभ तेथूनच होतो. परंतु तें उत्तर एका रात्रीपुरतेंच असावें. रात्रीं दिवा लावून शोध करावा, व सकाळीं, कोणी पोतें घेऊन येण्यापूर्वीं, जिन्यापाशीं जाऊन उभें राहावें.